काडीआधी गवताचं बघा

सातारा-सांगलीकडे वणव्याची चर्चा दरवर्षी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: काडी कुणी लावली? शिवरात्रीच्या आसपास अजिंक्यताऱ्याचा उतार किंवा यवतेश्वरचा डोंगर रात्री लाल दिसू लागला की मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, त्याखाली शिव्या पडतात आणि चार दिवसांनी एखाद्या शाळेत वणवामुक्तीची शपथ होते. संशयितही ठरलेले असतात. गुराखी, ससे-डुकरं उठवणारे शिकारी, मध काढणारे, डोंगरावर पार्टीला गेलेली पोरं, बांध पेटवून घरी निघून गेलेला शेतकरी. यातला प्रत्येक जण कधी ना कधी खरोखरच दोषी असतो. तरीही हा प्रश्न मला अपुरा वाटतो. काडी श्रावणातही पडते आणि दिवाळीतही पडते. फेब्रुवारीत पडलेल्या काडीने एका दुपारात आख्खा डोंगर काळा होतो, कारण तिथे कमरेइतकं वाळलेलं गवत उभं असतं. ते कुणी कापायचं होतं आणि का कापलं गेलं नाही, हे आपण विचारत नाही. माझ्या मते वणव्याचा सार्वजनिक प्रश्न तिथून सुरू होतो.

हे गवत पूर्वी असं उभं राहत नसे. जावळी, पाटण, सातारा तालुक्यातलं परळी खोरं, या भागात दिवाळीनंतरची गवतकापणी हा वर्षातला एक मोठा हंगाम होता. मालकीच्या डोंगरात कुणाची वाटणी कुठून कुठपर्यंत हे ठरलेलं. पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावर घेऊन उतरायचे, दारात गंज रचायची, उरलेलं विकायचं. आज त्या गावांतले कर्ते हात मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबतात किंवा पुण्यात कंपनीत जातात. मागे राहिलेल्या साठीच्या बाईला तासाभराचा चढ चढून भारा आणणं जमत नाही. शिवाय गोठा बदलला. गावठी गायी गेल्या, संकरित आल्या. त्यांना मका, मुरघास, उसाचं वाढं आणि पेंड लागते. डोंगरचं राठ गवत त्या तोंडात धरत नाहीत. गवताला गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणून ते कापलं जात नाही, आणि कापलं जात नाही म्हणून ते जळतं. शपथा घेऊन हे बदलणार नाही.

आगीच्या वागणुकीचा अभ्यास करणारेही याच बाजूने प्रश्नाकडे बघतात. आग कशी पळणार हे तीन गोष्टींवर ठरतं: जळण, हवा आणि जमिनीचा चढउतार. गवत हे सगळ्यांत चंचल जळण. जाड ओंडका सुकायला महिने घेतो, गवताची काडी हवेतली आर्द्रता तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. जानेवारीच्या सकाळी दवाने ओलं असलेलं गवत काडी लावूनही धड पेट घेत नाही. तेच गवत दुपारी एक वाजता बंदुकीच्या दारूसारखं असतं. दिवसा तापलेल्या उतारावरून वारा दरीतून वर चढतो, म्हणून दुपारची आग डोंगरमाथ्याकडे धावते. सूर्य मावळला की वारा उलटतो आणि तीच आग गुडघाभर ज्वाळांनी खाली सरपटत येते. चढाचा हिशोब तर थेट आहे. ऑस्ट्रेलियातल्या अग्निशास्त्रज्ञांनी मांडलेल्या ठोकताळ्यानुसार दर 10 अंशांच्या चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 30 अंशांच्या उतारावर सपाटीच्या आठपट. आपल्याकडे असे उतार गावोगावी आहेत.

सह्याद्रीची स्वतःची एक रचनाही यात येते. लाव्हाचे थर एकावर एक बसल्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत: गवताचा उतार, मग उभा कातळकडा, मग पुन्हा उतार. कडा आगीला अडवतो. पण जिथे कडा फुटून घळ उतरते, तिथे आगीला वाट मिळते. घळीत गवत, करवंदीची जाळी, वाळका पाला साठलेला असतो, दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे वारा कोंडून वर ओढला जातो आणि ज्वाळा एका दमात वरच्या टप्प्यावर पोचतात. सज्जनगडाच्या बाजूचे डोंगर पावसाळ्याआधी बघितले तर काळे पट्टे बरेचदा घळींतूनच वर गेलेले दिसतात. म्हणून मला वाटतं, मनुष्यबळ कमी असेल तेव्हा डोंगरभर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, आखण्याचा हट्ट धरू नये. कडे हे तयार बांध आहेत. दोन कड्यांमधल्या घळींची तोंडं नोव्हेंबरात साफ केली तर थोड्या मजुरीत पुष्कळ डोंगर वाचेल.

1959 साली जॉर्ज बायरम या अमेरिकी संशोधकाने आगीच्या कडेची तीव्रता मोजायचं सूत्र दिलं. जळणातली उष्णता, दर चौरस मीटरला जळणाऱ्या मालाचं वजन आणि आग पुढे सरकण्याचा वेग, या तिघांचा गुणाकार. गवतातली उष्णता आपण बदलू शकत नाही. वारा आणि चढ आपल्या हातात नाही. वजन मात्र विळ्याने कमी करता येतं. ज्वाळा चार फुटांच्या आत असतील तोवर हातातल्या साधनांनी आग विझवता येते, त्यापलीकडे माणसाने तिच्या तोंडापाशी उभं राहू नये, असा जगभरच्या वणवा विझवणाऱ्यांचा नियम आहे. आपल्याकडची साधनं म्हणजे निरगुडीच्या ओल्या फांद्या, फार तर वन खात्याचे ब्लोअर. गवत अर्धं असेल तर ही साधनं पुरतात. कमरेइतक्या गवतात ती घेऊन पोरांना वर पाठवणं हा जीवाशी खेळ आहे.

हे मी वाढवून सांगत नाही. 5 ऑगस्ट 1949 रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत प्रशिक्षित अग्निशामकांची तुकडी उतरली. तीव्र उताराची, गवताने भरलेली ती जागा होती. खालून आग आली, माणसं चढावर पळाली, आणि 13 जण गेले. तुकडीचा प्रमुख वॅग्नर डॉज पळायचा थांबला, स्वतःच्या पुढचं गवत पेटवून दिलं आणि त्याच्या राखेत पालथा पडून वाचला. जळलेल्या जागेत पुन्हा जळायला काही नसतं. त्या दुर्घटनेच्या धक्क्यातून मिझुला इथे आगीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा 1960 साली उभी राहिली, आणि तिथल्या रिचर्ड रॉदरमेल यांचं 1972 सालचं गणित आजही आगीचा वेग वर्तवायला वापरतात. आपल्याकडे तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला मार्च 2018 मध्ये डोंगरात फिरायला गेलेली 20 हून अधिक माणसं गवताच्या वणव्यात गेली. आपल्या गावांत व्हॉट्सॲपवर हाक आली की विझवायला चपला घालून, नायलॉनचे टी-शर्ट घालून पोरं धावतात. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे आणि म्हणूनच भीतीही वाटते. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, जळलेल्या काळ्या बाजूने शिरायचं, कडेकडेने विझवत तोंडाकडे जायचं, घळीत कधीच उतरायचं नाही, एवढं तरी प्रत्येकाला कुणीतरी शिकवायला हवं.

त्याच अमेरिकेने दुसराही धडा दिला आहे. 1910 च्या प्रचंड वणव्यांनंतर तिथल्या वन खात्याने आग म्हणजे शत्रू असं ठरवलं. 1935 मध्ये फतवा निघाला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. काही दशकं हे जमलं. पण पाइनच्या ज्या जंगलांत अधूनमधून छोटी आग जमिनीवरचा कचरा जाळून जायची, तिथे जळण साठत गेलं, आणि मग लागलेल्या आगी कुणालाच आवरेनात. सत्तरच्या दशकात ते धोरण सोडावं लागलं. आपल्याकडे ‘वणवामुक्त’ ही घोषणा रंगवताना हे आठवलं पाहिजे. गवत तसंच ठेवून आग तेवढी बंद करायची असं काही टिकत नाही. एक वर्ष राखलेला डोंगर दुसऱ्या वर्षी दुप्पट जोमाने जळताना आपण पाहिलेला आहे.

इथे कुणी म्हणेल, मग डोंगर जाळायला परवानगीच द्या. तर तसंही नाही, कारण जागा बदलली की आगीचा परिणाम पूर्ण बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माणमध्ये 500 च्या आसपास. एकाच जिल्ह्यातल्या या दोन टोकांना एकच नियम लावता येणार नाही.

कोयना, चांदोली, महाबळेश्वरच्या सदाहरित रानात जांभूळ, अंजनी, पिसा अशी झाडं आहेत. त्यांच्या साली पातळ, आगीची त्यांना सवय नाही. तिथे आग आत क्वचितच शिरते, पण कडेची झाडं मारते. कड उघडी पडली की ऊन जमिनीवर येतं, गवत आणि घाणेरी वाढते, पुढच्या वर्षी आग आणखी दहा पावलं आत येते. असं करत रान दरवर्षी कडेने झिजतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत नाचणी-भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, पालापाचोळा पसरून जमिनीचा राब भाजतात, त्यातली ठिणगी उडाली तर हेच होतं. इथे आगीला जागाच नको. कास आणि आजूबाजूच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवरही नको, जरी तिथलं कारण वेगळं असलं तरी. कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा उन्हाळ्यात जमिनीखाली कंदात झोपलेला असतो, त्यामुळे वरवरची आग त्याला फार लागत नसावी. पण सड्याच्या कडेची कारवी सात-आठ वर्षं वाढून एकदाच फुलते आणि मरते. बी पडायच्या आत ती जळली तर सात वर्षांची तयारी गेली. शिवाय चंडोल, लावे यांची जमिनीवरची घरटी, घोरपडी, साप, पाला कुजवणारे किडे, यांना पळायला पंख किंवा वेळ नसतो.

माण, खटाव, जत, कवठेमहांकाळचा माळ मात्र निराळा. आपण त्याला ओसाड म्हणतो, पडीक म्हणतो, जंगल तोडून असा झाला असं समजतो. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले झाडांचे, गवताचे उल्लेख तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले असे माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहेत. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांचं ते घर आहे. इथल्या गवतांचे कोंब जमिनीच्या आत असतात, आग गेली तरी पावसात पुन्हा फुटतात. अशा माळाला पाच-सात वर्षांत एखादी हलकी आग मारक नसते. मारक असते ती दरवर्षीची, ऐन एप्रिलमधली, सगळं भाजून काढणारी.

शेतकऱ्यांच्या समजुतीकडेही याच नजरेने बघावं. डोंगर जाळला की गवत चांगलं येतं, असं आपल्याकडची जुनी माणसं ठामपणे सांगतात आणि शहाणी माणसं त्यांना अडाणी म्हणतात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुनं वाळकं खुंट गेलं की ऊन बुडख्यापर्यंत पोचतं, राखेतली खनिजं मिळतात, वळवाच्या पावसाबरोबर हिरवा लुसलुशीत फुटवा येतो आणि जनावर तो आवडीने खातं. पण दरवर्षी जाळत राहिलं की त्या माळावर कोण टिकतं ते बघा. कुसळी टिकते. तिच्या बियांना लांब, पिळदार कुसळ असतं. दवाने ओलं झालं की ते उलगडतं, उन्हात पुन्हा पिळतं, आणि असं करत बी मातीत खुपसलं जातं. वरून आग गेली तरी बी खाली सुरक्षित. धोतराला आणि मेंढीच्या लोकरीत अडकणारं, जनावराच्या जिभेला टोचणारं हेच ते गवत. मारवेल, पवन्या ही चांगल्या चाऱ्याची गवतं मागे पडतात. उघड्या उतारावरची माती पहिल्या वळवाने धुपून ओढ्याला लागते ते निराळंच. ज्याने चाऱ्यासाठी आग लावली त्याच्याच चाऱ्याचं नुकसान होतं, ही गोष्ट गुराख्याला कुसळं दाखवून पटवता येते. पोलिसाची भीती घालून ती पटत नाही.

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिग आदिवासी थंडी सरता सरता पाला-पाचोळ्याची हलकी आग लावत असत. अभयारण्य झालं, कायदा आला, ती आग बंद झाली. त्यानंतर घाणेरी रानभर माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली, असं सोलिगांचं म्हणणं आहे, आणि तिथे काम करणाऱ्या संशोधकांनी ते नोंदवून तपासायला घेतलं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात मूळनिवासी रक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच ठरवून छोटे पट्टे जाळतात, त्यामुळे पुढच्या मोठ्या आगी थोपतात. मी हे उदाहरण म्हणून देतो, जसंच्या तसं उचलायला नाही. आपल्याकडे ज्याने त्याने आपला डोंगर जाळावा असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. कुठे जाळपट्टा घ्यायचा, कुठे फक्त कापायचं आणि कुठे काडीही न्यायची नाही, हे डोंगरागणिक ठरायला हवं, आणि ते काम अभ्यास करून वन खातं आणि गावाच्या समितीने मिळून करायला हवं.

वृक्षलागवड करणाऱ्यांशी माझा एक स्पष्ट वाद आहे. 2016 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगावचं वेळू पहिलं आलं, 2018 मध्ये माणचं टाकेवाडी. या आणि अशा कितीतरी गावांनी श्रमदानाने डोंगरावर समतल चर मारले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. हे काम मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण चराई थांबली आणि कापणी सुरू झाली नाही, तर गवत साठतं. चराच्या भरावावर ओल धरल्यामुळे ते आणखी माजतं. त्याच भरावावर वीतभर रोपं लावलेली असतात. मग एका दुपारी तीन-चार पावसाळ्यांची मेहनत जाते, आणि ज्या गावाने एवढं केलं ते गाव खचतं. ज्याच्याकडे दरवर्षी गवत कापायची सोय नाही त्याने डोंगरावर रोप लावू नये, इतकं स्पष्ट म्हणायची वेळ आली आहे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने सागरेश्वर उभं राहिलं ते उघड्या डोंगरावर. तिथे लागवडीइतकंच राखणीला महत्त्व होतं, म्हणून ते टिकलं.

कायद्याचंही बघू. भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 राखीव वनात आग लावणाऱ्याला शिक्षा सांगतं, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 30 अभयारण्यात आग लावायला मनाई करतं. दोन्ही कलमं हवीतच. पण साताऱ्यातले कितीतरी डोंगर मालकीचे आहेत, तिथे वन खात्याची जाळरेषा पोचत नाही. आग सातबारा बघून थांबत नाही; मालकीत सुरू होऊन राखीव वनात जाते. दुसरं म्हणजे शिक्षेच्या धाकाने आग लावणारा पकडला जाण्यापेक्षा पळून जातो. बांधावरचं पाचट पेटवलं, वाऱ्याने आग सुटली, तर घाबरलेला शेतकरी 1926 या वन खात्याच्या क्रमांकावर फोन करत नाही, गुपचूप घरी जातो. पहिल्या अर्ध्या तासात दोन माणसांनी विझली असती ती आग डोंगर खाते. ज्याने स्वतःहून लगेच कळवलं आणि विझवायला उभा राहिला, त्याला जाणूनबुजून पेटवणाऱ्याच्या रांगेत बसवू नये.

पाचटाचं कोडं तर आपणच सोडवू शकतो. एका हेक्टर उसातून 8 ते 10 टन पाचट निघतं, आणि ते शेतातच कुजवायची पद्धत कृषी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं सांगितली आहे. कराड, वाळवा, पलूसमधला शेतकरी हे जाणतो. तरी खोडव्याआधी जाळतो, कारण कुट्टी करणारं यंत्र वेळेवर भाड्याने मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त खुपते. आपले वणवे नीट मोजलेच जात नाहीत. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगीची सूचना देतं. आता त्यासाठी 375 मीटरच्या बारकाव्याचं उपकरणही आहे. पण हे उपग्रह ठराविक वेळी डोक्यावरून जातात, दिवसाची मुख्य फेरी दुपारी दीडच्या सुमारास. चारला पेटून आठला विझलेला गवताचा वणवा दोन फेऱ्यांच्या मधे निसटतो. कागदावर तो लागलाच नाही. त्याचे काळे डाग मात्र पुढचे काही दिवस सेंटिनेल उपग्रहाच्या 10 मीटरच्या फुकट मिळणाऱ्या चित्रांत स्वच्छ दिसतात. शिवाजी विद्यापीठातल्या आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतल्या भूगोल-वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दर हंगामात हे नकाशे काढायला द्यावेत. कुठला डोंगर किती वर्षांनी जळतो, आग कुठल्या घळीतून चढते, तिथे पुढच्या पावसात कुठलं गवत येतं, एवढी माहिती पाच वर्षं जमली तरी आजच्या मतामतांच्या गलबल्यापेक्षा खूप पुढे जाता येईल.

आणि गवताला गिऱ्हाईक हवं. जावळीत फेब्रुवारीत गवत जळतं आणि दुष्काळी वर्षात एप्रिलमध्ये माणच्या चारा छावणीत बाहेरून चारा आणावा लागतो; 2019 मध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मधलं अंतर ट्रकने तीन-चार तासांचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कस असताना कापलेलं गवत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथे गठ्ठे बांधायचं यंत्र लावलं आणि सरकारने ठरलेल्या भावाने विकत घेऊन माण-जतला साठवलं, तर विझवण्यावर आणि छावण्यांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग वाचेल. कापणीची मजुरी रोजगार हमीतून द्यावी. हे खर्चिक नाही, यात नवं तंत्रज्ञानही नाही. हंगाम चुकला नाही म्हणजे झालं.

हंगामाची तारीख आपल्या पंचायतीच्या कॅलेंडरातच आहे. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. तेव्हा गवत हिरवट असतं, कुसळं अजून गळलेली नसतात, कापायला दोन महिने हातात असतात. डोंगरालगतच्या प्रत्येक गावाने त्या सभेत नावानिशी ठराव करावा: यंदा कुठला उतार कापायचा, मजुरी किती, गठ्ठे कुठे रचायचे, कुठल्या घळींची तोंडं साफ करायची, मालकी डोंगराच्या मुंबईकर हिस्सेदारांची संमती कोण घेणार, विझवायला कोण जाणार आणि कुणाला जाऊ द्यायचं नाही. मग 26 जानेवारीच्या सभेत वनरक्षकाला बोलवून ती यादी वाचावी आणि जे राहिलंय ते त्याच आठवड्यात उरकावं.